नाव सुरगाण्यात, चूल पिंपळगावात : अन्नहक्काच्या अभ्यासात येणाऱ्यांसाठी प्रस्तावना

सरकारी धान्याच्या अभ्यासाची सुरुवात पिंपळगाव बसवंतपासून करा असे कोणी सुचवले तर बहुतेकांना नवल वाटेल. नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातले हे गाव म्हणजे द्राक्ष, कांदा आणि टोमॅटो. मुंबई-आग्रा महामार्गावरून जाताना बाजार समितीकडे वळणारे ट्रॅक्टर आणि पिकअप पाहिले की इथे कोणाला फुकटच्या गव्हाची गरज असेल असे वाटत नाही. पण या तालुक्यातल्या द्राक्षबागांचे बरेचसे काम ज्यांच्या हातून होते, ती माणसे इथली नाहीत. गोडी छाटणी, पेस्टिंग, फेलफुटी काढणे, विरळणी, डिपिंग, मग काढणी आणि एप्रिलमध्ये पुन्हा खरड छाटणी. या कामांसाठी सुरगाणा, पेठ, कळवण अशा डोंगरी तालुक्यांतून मजुरांच्या टोळ्या खाली उतरतात. घर तिकडे, शिधापत्रिका तिकडे, रेशन दुकान तिकडे. आणि सहा-सहा महिने चूल बागेच्या बांधावर.

हक्क नोंदीच्या गावी मिळतो आणि भूक कामाच्या गावी लागते. अन्नहक्काच्या अभ्यासातले बहुतेक कठीण प्रश्न या दोन गावांमधल्या अंतरात सापडतात असे माझे मत आहे. ते प्रश्न सोडवायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. या क्षेत्रात अर्थतज्ज्ञ गळती मोजतात, वकील निकाल वाचतात, आहारतज्ज्ञ उष्मांक मांडतात. यांच्याइतकेच ज्ञान तहसीलच्या पुरवठा शाखेतल्या कारकुनाकडे, अंगणवाडी सेविकेकडे आणि ‘थम लागत नाही’ (अंगठ्याचा ठसा जुळत नाही) म्हणून रेशन दुकानातून परत पाठवलेल्या बाईकडे असते. ते अजून कोणी नीट लिहून काढलेले नाही. नव्याने येणाऱ्याला इथे करण्यासारखे खूप आहे.

इतिहास थोडक्यात सांगतो, कारण त्याचे थर आजच्या कार्डावर दिसतात. मुंबईत रेशनिंग सुरू झाले 2 मे 1943 रोजी, युद्धकाळातल्या टंचाईत. गरिबांना मदत म्हणून ते आलेले नव्हते. शहरातल्या सगळ्यांना मोजून मापून धान्य मिळावे म्हणून आले होते. नाशकात जन्मलेले अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ पुण्याच्या गोखले संस्थेत बसून त्या काळात युद्ध आणि आर्थिक धोरण यांवर लिहीत होते. त्यांचे लेखन आजच्या विद्यार्थ्याने जरूर चाळावे. भावनियंत्रण आणि वाटप ही एकाच यंत्राची दोन चाके आहेत, हे त्यातून कळते. 1965 मध्ये भारतीय खाद्य निगम आले, आणि आपल्याच जिल्ह्यातल्या मनमाडला त्याचे मोठे गोदाम आहे. रेल्वेने आलेले उत्तरेकडचे धान्य तिथे उतरते. 1972 च्या दुष्काळात मदत म्हणून मिळालेला मिलो (ज्वारीचा प्रकार) आणि सुकडी आठवणारी माणसे अजून गावोगावी आहेत. 1997 मध्ये ‘लक्ष्य निर्धारित’ व्यवस्था आली आणि सर्वांसाठी असलेले दुकान काहींसाठीचे झाले. कोण गरीब, कोण नाही, हा वाद तेव्हापासून संपलेला नाही.

त्या वादाची सगळ्यात ठसठशीत खूण म्हणजे शिधापत्रिकेचा रंग. महाराष्ट्रात 1 मे 1999 पासून तीन रंगांची कार्डे सुरू झाली. वार्षिक 15 हजारांपर्यंत उत्पन्न असेल तर पिवळे, त्यावर 1 लाखापर्यंत केसरी, त्याहून अधिक असेल तर पांढरे. पुढे 2013 चा राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा आला आणि राज्यात 1 फेब्रुवारी 2014 पासून लागू झाला. या कायद्याला रंग ठाऊकच नाहीत. त्याला दोनच गट कळतात : अंत्योदय, म्हणजे सर्वांत गरीब कुटुंबे, आणि प्राधान्य कुटुंब. म्हणजे रंग 1999 चा आणि हक्क 2013 चा. एकाच गल्लीत दोन केसरी कार्डे असतात. एकावर प्राधान्य कुटुंबाचा शिक्का असतो आणि त्याला धान्य मिळते, दुसऱ्यावर नसतो आणि त्याला मिळत नाही. ‘आमचं केसरी आहे, आम्हाला काही नाही’ असे सांगणारी माणसे आपले कार्ड उलटूनही पाहत नाहीत. उलट, केसरी कार्ड आहे म्हणजे धान्य येणारच, असे धरून चालणारेही असतात. या विषयातला पहिला स्वाध्याय म्हणून मी हाच देईन : दहा कार्डे हातात घ्या, रंग विसरा, शिक्का शोधा, आणि आतल्या नावांची संख्या घरात जेवणाऱ्या माणसांशी ताडून पाहा.

ही संख्या का महत्त्वाची, ते पुढच्या हिशेबात कळते. अंत्योदय कुटुंबाला महिन्याला 35 किलो धान्य मिळते, घरात एक माणूस असो की दहा. प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो. एकट्या राहणाऱ्या विधवेसाठी 35 आणि 5 यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आठ माणसांच्या घराला मात्र प्राधान्य गटात 40 किलो मिळतात, अंत्योदयात 35 च. म्हणून ‘अंत्योदय म्हणजे जास्त’ हे सगळ्यांसाठी खरे नाही. कार्ड विभक्त करतानाही हा हिशेब आधी मांडावा. मोठा मुलगा वेगळा निघाला आणि अंत्योदय कार्ड फोडले, तर 35 किलो एकाच चुलीकडे राहतात. दुसऱ्या चुलीला प्राधान्य यादीत जागा मिळेपर्यंत थांबावे लागते. ती जागा तालुक्याच्या इष्टांकात, म्हणजे लाभार्थ्यांच्या ठरवून दिलेल्या संख्येत, रिकामी असेल तरच मिळते, आणि इष्टांक ठरला आहे 2011 च्या जनगणनेवरून. महाराष्ट्रासाठी ग्रामीण भागात 76.32 टक्के, शहरी भागात 45.34 टक्के, एकूण सुमारे 7 कोटी माणसे. लोकसंख्या वाढली, हा आकडा जागच्या जागी राहिला. नाव चढवण्यासाठी केलेला अर्ज वर्षानुवर्षे पडून राहतो तेव्हा दोष दर वेळी कारकुनाचा नसतो.

उत्पन्नाची अटही तपासून पाहण्यासारखी आहे. डिसेंबर 2013 मध्ये राज्याने प्राधान्य कुटुंबासाठी ग्रामीण भागात वार्षिक 44 हजार आणि शहरी भागात 59 हजार ही मर्यादा घातली. 44 हजार म्हणजे अख्ख्या कुटुंबाला दिवसाला 120 रुपये. नवराबायको दोघेही हंगामभर बागेत राबले तर कागदावर ते ‘अपात्र’ होऊ शकतात. कष्ट करणाऱ्याला कष्टांबद्दल दंड करणारी ही मर्यादा मला कधीच पटलेली नाही.

आता स्थलांतराकडे येऊ, कारण पिंपळगावचा धडा तिथेच आहे. ऑगस्ट 2019 मध्ये ‘एक देश, एक शिधापत्रिका’ योजनेची सुरुवात झाली ती चार राज्यांपासून : आंध्र-तेलंगणा ही एक जोडी, महाराष्ट्र-गुजरात ही दुसरी. सुरगाण्याचा माणूस कामासाठी निफाडला उतरतो तसा गुजरातेतही जातो, त्यामुळे या जोडीचे महत्त्व आपल्या जिल्ह्याला वेगळे सांगायला नको. 2022 च्या मध्यापर्यंत सगळी राज्ये त्यात आली. नियम साधा आहे. अन्नसुरक्षा यादीत नाव असलेल्या कोणीही ई-पॉस (अंगठा ओळखून वाटप नोंदवणारे) यंत्र असलेल्या कोणत्याही दुकानात कार्डाचा किंवा आधारचा क्रमांक सांगावा, अंगठा लावावा आणि धान्य घ्यावे. नव्या गावचे कार्ड काढावे लागत नाही, जुन्या गावचे नाव कमी करावे लागत नाही. सगळे धान्य एकाच ठिकाणी उचलले पाहिजे असेही नाही. म्हातारी आई गावी राहिली असेल तर तिच्या वाट्याचे तिकडे, उरलेले इकडे.

नियम इतका साधा असूनही बागेतल्या टोळीला धान्य मिळत नाही, याचे कारण शोधताना दुकानदाराला खलनायक ठरवण्याची घाई करू नये. त्याचे नियतन, म्हणजे महिन्याचा ठरलेला धान्यसाठा, त्याच्याकडे नोंदलेल्या कार्डांच्या हिशेबाने येते. हंगामात बाहेरची वीस-पंचवीस कुटुंबे आली तर महिनाअखेरीस नेहमीच्या गिऱ्हाइकाला काय द्यायचे, ही त्याची धास्ती खोटी नसते. पोर्टेबिलिटीच्या, म्हणजे बाहेरच्या कार्डांवर केलेल्या, वाटपाची यंत्रात नोंद होते आणि त्यानुसार जादा नियतन मागता येते. ते वेळेवर आले तरच योजना जिवंत राहते. दुसरी अडचण वेळेची. दुकान उघडे असते तेव्हा टोळी बागेत असते. तिसरी बोटांची. कात्री, चीक आणि पेस्टिंगचे रसायन यांनी घासलेल्या बोटांचे ठसे यंत्राला उमगत नाहीत. अशा वेळी दुसरे बोट, कार्डातल्या दुसऱ्या सदस्याचा अंगठा, डोळ्यांची बुबुळे किंवा आधारला जोडलेल्या मोबाइलवर येणारा ओटीपी, हे मार्ग आहेत. एकदा ‘लागत नाही’ म्हटल्यावर परत फिरायचे नसते, हे टोळीच्या मुकादमाला माहीत असले तरी पुष्कळ काम होते.

धान्य न उचलल्यास आता नुसत्या नुकसानीवर भागत नाही. 2025 मध्ये केंद्राने सार्वजनिक वितरणाच्या नियंत्रण आदेशात बदल केला. सलग 6 महिने धान्य न उचललेले कार्ड तात्पुरते निष्क्रिय करून त्याची पडताळणी करण्याची तरतूद त्यात आहे. ऑक्टोबर ते मार्च हा द्राक्षांचा हंगाम बरोबर 6 महिन्यांचा आहे! गावी कोणी नसलेल्या कुटुंबाने या काळात एकदाही धान्य घेतले नाही, तर परतल्यावर यंत्रावर वेगळेच उत्तर येऊ शकते. ई-केवायसीचे, म्हणजे आधारवरून ओळख पटवण्याचे, दुखणेही तसेच. ती आपल्याच दुकानात करावी लागते, या चुकीच्या समजुतीने माणसे मजुरी बुडवून गावी जातात.

धान्य 1 जानेवारी 2023 पासून मोफत आहे आणि 2024 पासून पुढची पाच वर्षे तसेच राहील असा केंद्राचा निर्णय आहे. दुकानदाराला कमिशन सरकार देते. हमाली, पावती अशा नावांनी पैसे मागण्याचा त्याला अधिकार नाही. यंत्रातून येणारी पावती मागून घ्यावी. किती देय होते आणि किती दिल्याची नोंद झाली, हे तिच्यावर छापलेले असते. नोंद 30 किलोची आणि पिशवीत 26, हा फरक पकडायचे तेच एक साधन आहे.

अन्नसुरक्षा कायदा गव्हा-तांदळावर संपत नाही, हे बरेच अभ्यासकही विसरतात. सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांना अंगणवाडीतून आहार, आठवीपर्यंत शाळेत दुपारचे जेवण, गरोदर आणि स्तनदा मातांना आहार व मातृत्व लाभ, हे सगळे त्यातच आहे. बागेवर आलेल्या मुलाला पिंपळगावच्या अंगणवाडीत जाण्यासाठी निफाडचा रहिवासी असण्याची गरज नाही, आणि दाखला आला नाही म्हणून शाळेला त्याचा प्रवेश अडवता येत नाही. मात्र एक हक्क टोळीबरोबर येत नाही. डॉ. एपीजे अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतले गरोदर बाईचे एक वेळचे गरम जेवण अनुसूचित क्षेत्रापुरते आहे. सुरगाणा, पेठ त्यात आहेत, निफाड नाही. जिला त्या जेवणाची सर्वांत जास्त गरज, ती गरोदरपणात बागेत विरळणी करत असेल तर ते तिच्या गावी राहून जाते. इथे तिला फार तर घरी न्यायचा कोरडा आहार मिळेल. या विषयावर कोणी प्रबंध लिहिला तर मी तो आधी वाचीन.

आणि ताटातले काय? माणशी 5 किलो म्हणजे दिवसाला सुमारे 165 ग्रॅम. दिवसभर वाकून काम करणाऱ्याची भाकरीही त्यात पुरी होत नाही, डाळ-भाजीची तर गोष्टच नाही. अमेरिकेतली गरीब कुटुंबे सरकारी कार्डावर कोणत्याही राज्यातल्या अधिकृत दुकानातून भाजी-फळेही घेतात. आपल्याकडे भाव पडले की याच पट्ट्यात टोमॅटो रस्त्यावर ओतला जातो, आणि रेशनच्या यादीत टोमॅटो नसतो. डोंगरातला माणूस पिढ्यान्‌पिढ्या नागली खात आला. कायद्यात भरडधान्य आहे, त्याच्या पिशवीत मात्र बहुतेक वेळा गहू आणि तांदूळच येतो.

तक्रारीचा भाग शेवटी आला तरी तो दुय्यम नाही. 2018 च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईला पायी गेलेल्या शेतकऱ्यांच्या मागण्यांत वनहक्कांबरोबर शिधापत्रिकांचाही प्रश्न होता. इतके चालल्याशिवाय दाद मिळत नाही असे कायदा म्हणत नाही. 1967 हा मदत क्रमांक आहे, दुकानापासून वरपर्यंत दक्षता समित्या आहेत, जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आहे, त्यावर राज्य अन्न आयोग आहे. तक्रार निवारण अधिकाऱ्याने सुचवलेली मदत योग्य कारणाशिवाय न देणाऱ्या कर्मचाऱ्याला 5 हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि देय धान्य मिळालेच नाही तर अन्नसुरक्षा भत्ता मागता येतो. या कलमांचा वापर फार थोडा होतो. तोंडी तक्रार हवेत विरते. तारीख, कार्डाचा क्रमांक आणि पावती जोडून दिलेल्या लेखी अर्जाला पोच मागता येते.

ज्याला सुरुवात करायची आहे त्याने ऑक्टोबरमध्ये करावी. पिंपळगाव परिसरातल्या एखाद्या दुकानाचे महिन्याचे वाटप पाहावे. राज्याच्या ई-पॉस संकेतस्थळावर ते सगळ्यांना खुले आहे. त्यात बाहेरच्या दुकानांवर नोंदलेली किती कार्डे आली ते वेगळे काढावे. मग त्याच महिन्याचे सुरगाण्यातल्या एखाद्या दुकानाचे न उचललेले धान्य पाहावे, आणि दोन्ही आकडे घेऊन टोळीच्या मुकादमाशी बोलायला बागेत जावे.