तिरपा छेद आणि ग्रामीण सुतारकाम : आंजी (मोठी) परिसराच्या संदर्भात ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

आंजी (मोठी) हे वर्धा-आर्वी मार्गावरील, वर्धा तालुक्यातील एक मोठे गाव होय. अशा गावांतील सुतारकामाचा विचार बहुधा जात आणि बलुते यांच्या अनुषंगाने होतो. सुताराच्या हाती असलेले ज्ञान मात्र दुर्लक्षित राहते. काटकोनाखेरीज अन्य कोनात लाकडाची कड कापणे म्हणजे तिरपा छेद. या एकाच क्रियेच्या आधारे त्या ज्ञानाची वाटचाल तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

बलुतेदारीतील कोनज्ञान

त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (1915) या ग्रंथात बलुतेदारीचे तपशीलवार वर्णन आढळते. विदर्भात सुतारास 'वाढई' असेही म्हणतात. शेतीची अवजारे व बैलबंडी ही त्याची मुख्य जबाबदारी होती आणि बंडीचे चाक ही त्याच्या कौशल्याची कसोटी होती.

चाकाच्या लाकडी वर्तुळाचे सहा तुकडे असतील, तर लगतच्या दोन सांध्यांत 60 अंशांचे अंतर राहते आणि प्रत्येक सांध्याची रेषा तुंब्याच्या मध्याकडे जावी लागते. सहा तुकड्यांच्या मिळून बारा कडा होतात. प्रत्येक कड एकाच दिशेने 1 अंशाने चुकली, तर अखेरच्या सांध्यापाशी 12 अंशांचा फरक साचतो. एका सांध्यात नजरेला न दिसणारी चूक वर्तुळ पूर्ण होताना उघडी पडते. सुतार अंश मोजत नसे. तो एक तुकडा दुसऱ्याला लावून पाही, रंध्याने वा पटाशीने कड साधून घेई. पुढे तापवून चढविलेली लोखंडी धाव थंड होताना आकसे व सांधे आवळी. हे गणित पाटीवर कधी मांडले गेले नाही. ते बापाकडून मुलाकडे हातानेच गेले.

वर्धा शिक्षण योजना

22 व 23 ऑक्टोबर 1937 रोजी महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली वर्धा येथे शिक्षण परिषद भरली. त्यानंतर डॉ. झाकिर हुसेन समितीने बुनियादी शिक्षणाची योजना मांडली. तिच्यात सूतकताई-विणकाम, शेती, चर्मकाम यांच्याबरोबरच सुतारकामास मूलोद्योगाचे स्थान मिळाले. उद्योगातूनच भाषा, गणित व विज्ञान शिकवावे, हे तिचे मूळ सूत्र होते.

इतिहासाच्या दृष्टीने ही घटना महत्त्वाची ठरते. ज्या कामाला गावगाड्यात केवळ सेवा मानले जाई, ते येथे प्रथमच गणिताच्या शिक्षणाचे साधन म्हणून मान्य झाले. गुण्या हे सुताराचे साधन आणि काटकोन ही भूमितीची संकल्पना एकाच वर्गात येऊ शकत होती. परंतु स्वातंत्र्योत्तर काळात ही योजना मागे पडली. कोठारी आयोगाने (1964-66) 'कार्यानुभव' सुचविला. तरी उद्योग हा शिक्षणाचा केंद्रबिंदू राहिला नाही.

मोठा तक्ता आणि यंत्र

प्लायवूडने सुतारासमोर नवा प्रश्न उभा केला. सागाच्या फळीची रुंदी झाडाच्या घेरावर अवलंबून असे. प्लायवूडचा तक्ता मात्र सर्रास 2440 × 1220 मिमी मापाचा येतो. विल्हेल्म आल्टेनडॉर्फ यांनी 1906 मध्ये जर्मनीत सरकत्या मेजाची करवत तयार केली आणि कारखान्यांपुरता या प्रश्नाला मार्ग मिळाला. घरालगतच्या शेडमध्ये काम करणाऱ्या कारागिराकडे तेवढी जागाही नसते आणि भांडवलही नसते.

लहान मेजावर मोठा तक्ता ठेवल्यास तो कडेला झुकतो. 1220 मिमी रुंदीत दूरची कड सुमारे 21 मिमी खाली गेली, तरी कोन 1 अंशाने बदलतो. म्हणून तक्ता करवतीकडे न नेता करवत तक्त्याकडे नेणे श्रेयस्कर ठरते. तक्त्याला खालून सर्वत्र आधार द्यावा, सरळ पट्टी शिकंजांनी आवळावी आणि तिरपे पाते लावलेली हातकरवत त्या पट्टीला टेकवून चालवावी. करवतीचा तळ तक्त्याच्याच पृष्ठावर टेकत असल्याने कोन पृष्ठाशी कायम राहतो. आधी टाकाऊ तुकड्यांवर दोन छेद घेऊन ते जोडून पाहावेत; 45 अंशांच्या दोन कडा मिळून गुण्यात बसल्या, तरच मूळ तक्ता कापावा. 19 मिमी जाडीत 45 ऐवजी 44 अंशांचा छेद झाला, तर एका कडेवरच सुमारे 0.65 मिमी फरक पडतो. चौकोनी पेटीला अशा आठ कडा असतात.

निष्कर्ष

जोडून पाहण्याची ही रीत चाकाच्या सांध्याचीच आहे. यंत्राने श्रम कमी केले. चूक साचण्याचा नियम मात्र बदलला नाही. 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसायांमध्ये सुतारकामाचा समावेश असून, अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत साहाय्य व पाच ते सात दिवसांच्या मूलभूत प्रशिक्षणाची तरतूद आहे. अवजार अशा रीतीने मिळू शकते. कोनाची समज मात्र इतक्या अल्पावधीत येत नाही. आंजीपासून जवळच असलेल्या वर्ध्यात 1937 मध्ये शाळा आणि सुतारशाळा एकत्र आणण्याचा विचार मांडला गेला. तो अपुरा राहिल्याची किंमत आजही दोघे मोजत आहेत : सुताराच्या मुलाला आपल्या घरातील भूमिती शाळेत भेटत नाही, आणि शाळेतील मुलाला कोन हाताने कळत नाही.