एका दगडावरून खाण का ठरत नाही?

हिरवट-तांबूस दगडाचा फोटो आणि खाली ‘गावात तांब्याचा साठा, प्रमाण ५ टक्के!’ असा मेसेज आला, तर आधी एकच प्रश्न विचारा: नमुना कसा घेतला होता?

तांबं, शिसं, जस्त हे धातू खडकात बहुतेक वेळा गंधकाशी जोडलेले असतात. असा खडक उघड्यावर आला की पाणी आणि हवेमुळे तो अक्षरशः गंजतो. मागे उरते लोखंडाच्या गंजाची तपकिरी, भोकाभोकांची टोपी. तिला गॉसन म्हणतात. राजस्थानात भिलवाडा जिल्ह्यातल्या रामपुरा-आगुचाचा साठा १९७७ मध्ये राज्याच्या खाण आणि भूविज्ञान विभागाला सापडला, तो गॉसन आणि प्राचीन खाणकामाच्या खुणांमुळे. आज ती जगातल्या सर्वांत मोठ्या जस्त खाणींपैकी एक आहे.

पण गॉसन फसवतंही. जस्त पाण्याबरोबर सहज वाहून जातं, शिसं बरंचसं जागेवर राहतं. त्यामुळे वरच्या दगडात जस्त नगण्य आणि खाली भरपूर, असं होऊ शकतं. उलटंही होतं: एखाद्या भेगेत हिरवं तांबं साचतं आणि खाली काहीच नसतं. आगुचाच्या खडकात ग्रॅफाइट आहे. ग्रॅफाइटमधून वीज वाहते, म्हणून विद्युत सर्वेक्षणात नुसता ग्रॅफाइटचा थरही धातूसारखा ‘दिसतो’.

म्हणून नमुने. चालता चालता उचललेला दगड फक्त ‘इथे काहीतरी आहे’ एवढंच सांगतो, कारण माणूस नेहमी चमकणाराच दगड उचलतो. (भूवैज्ञानिकही!) त्यापेक्षा भरवशाची पद्धत म्हणजे चर खणून खनिजपट्ट्याला आडवी, सारख्या रुंदी-खोलीची खाच कापणं आणि चांगला-वाईट सगळा चुरा गोळा करणं. पुढची पायरी ड्रिलिंग. खडकाची लांब कांडी बाहेर काढून ती उभी कापतात; अर्धी प्रयोगशाळेत जाते, अर्धी जपून ठेवतात, म्हणजे कुणी शंका घेतली तर पुन्हा तपासता येते. नमुन्यांमध्ये धातू नसलेले आणि प्रमाण आधीच माहीत असलेले नमुनेही गुपचूप मिसळतात. प्रयोगशाळेची ती परीक्षाच असते.

आकडे वाचतानाही गफलत होते. समजा, १ मीटरमध्ये १० टक्के जस्त आणि पुढच्या ९ मीटरमध्ये ०.५ टक्के. दोन्हींची सरळ सरासरी ५.२५ टक्के येते. लांबी धरून काढली, तर जेमतेम १.४५. शिवाय ड्रिलचं भोक खनिजपट्ट्याला ३० अंशांच्या कोनात छेदत असेल, तर कांडीत १० मीटर दिसणारा पट्टा खरा फक्त ५ मीटर जाड असतो.

चंद्रपूर जिल्ह्यात ठाणेवासना इथेही तांब्याच्या खुणा नोंदवल्या गेल्या आहेत. अशा ठिकाणाची बातमी वाचताना टक्क्यांबरोबर जाडी, ड्रिलच्या भोकांची संख्या आणि शोधाचा टप्पा बघा. भारतात हे टप्पे जी-४ ते जी-१ असे मोजतात. जी-४ म्हणजे प्राथमिक चाचपणी, जी-१ म्हणजे सविस्तर शोध. जी-१ नंतरही खाण परवडेल का, हा हिशेब वेगळा मांडावा लागतो.