पाण्यासकट प्रवास

काचेच्या हौदातील हातभर लांबीचा मासा दुसऱ्या हौदात हलवणे म्हणजे जाळे आणि बादली यांचे काम, असा सर्वसाधारण समज आहे. या विद्येचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास पाहिला म्हणजे तो समज टिकत नाही. मासा धरणे हा त्यातील सर्वांत लहान भाग. ज्या पाण्यात तो वाढला ते त्याच्यासोबत कसे न्यावे आणि नव्या पाण्याशी त्याची ओळख कशी करून द्यावी, हा खरा प्रश्न असतो.

या इतिहासाचा एक आरंभबिंदू अमेरिकेतील लोहमार्गावर सापडतो. लिव्हिंग्स्टन स्टोन हे मूळचे धर्मोपदेशक. पुढे मत्स्यसंवर्धनाकडे वळले. जून १८७३ मध्ये पूर्व किनाऱ्याकडील नाना जातींचे जिवंत मासे, हौद आणि बर्फ असा सारा संसार एका रेल्वेच्या डब्यात भरून ते कॅलिफोर्नियाकडे निघाले. नेब्रास्कातील एल्कहॉर्न नदीवरचा पूल गाडीखाली खचला आणि डबा माशांसह नदीत कोसळला. स्टोन बचावले. विशेष हे की, काही आठवड्यांतच शॅड जातीची पिल्ले घेऊन ते पुन्हा निघाले आणि ती त्यांनी सॅक्रामेंटो नदीत सुखरूप सोडली. त्याच मार्गाने १८७९ मध्ये पट्टेदार बास जातीचे अवघे १३२ मासे कॅलिफोर्नियात पोहोचले. एवढ्याशा बीजातून वीस वर्षांत तेथे मोठी मासेमारी उभी राहिली.

लहान पिल्लांना जे साधले ते मोठ्या माशांना साधणे कठीण होते. त्याचे कारण माशाच्या देहरचनेतच आहे. त्याचे वजन पाण्याने तोललेले असते. बाहेर काढताच तो भार त्याच्याच अवयवांवर पडतो. कल्ल्यांचे नाजूक पदर हवेत एकमेकांना चिकटतात. कोरड्या हाताने किंवा खरखरीत जाळ्याने अंगावरचा बुळबुळीत थर निघाला, की रोगाला वाट मिळते. म्हणून जाणकार मोठ्या माशाचा पाठलाग करीत नाहीत. दिवे मंद करून, पाण्याची पातळी उतरवून, त्याला हळूहळू कापडी किंवा प्लास्टिकच्या झोळीत शिरू देतात आणि पाण्यासकट उचलतात. प्रवासापूर्वी एक-दोन दिवस त्याला उपाशी ठेवतात, म्हणजे वाटेत पाणी नासत नाही. मुक्कामी पोहोचल्यावर नवे पाणी थोडे थोडे मिसळून तापमान व क्षार यांचा मेळ घालतात. मगच त्याला नव्या हौदात सोडतात.

शिकागोचे शेड मत्स्यालय १९३० मध्ये लोकांसाठी खुले झाले, तेव्हा ही दृष्टी कुठवर गेली होती ते दिसते. समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या या नगरात फ्लोरिडातील की वेस्टहून सुमारे दहा लाख गॅलन समुद्रजल रेल्वेच्या १६० टाक्यांतून आणले गेले. माशांसाठी ‘नॉटिलस’ नावाचा खास डबा बांधण्यात आला. त्यात हौद होतेच. शिवाय पाणी खेळते आणि योग्य तापमानाचे ठेवण्याची सोय होती. १९३३ मध्ये सिडनीहून जहाजाने निघालेला ऑस्ट्रेलियन फुप्फुसमासा लॉस एंजेलिसला उतरून याच डब्याने शिकागोस आला. ‘ग्रँडडॅड’ या नावाने तो प्रसिद्ध झाला आणि फेब्रुवारी २०१७ पर्यंत, म्हणजे चौऱ्यांशी वर्षे, तेथेच जगला. स्थलांतर यशस्वी झाले म्हणजे काय, याचे याहून सुंदर उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

विमानयुगात धाडस वाढले. मुशीच्या कुळातील व्हेल शार्क हा जगातील सर्वांत मोठा मासा. जून २००५ मध्ये तैवानहून राल्फ आणि नॉर्टन असे दोन व्हेल शार्क बोइंग ७४७ मालवाहू विमानाने, अलास्कातील अँकरेज येथे थांबा घेत, अमेरिकेतील अटलांटास पोहोचले. सुमारे आठ हजार मैलांचा तो प्रवास निर्विघ्न पार पडला. पण २००७ च्या जानेवारीत राल्फ आणि जूनमध्ये नॉर्टन मरण पावला. जॉर्जिया मत्स्यालयाच्या हौदातील परजीवींवर केलेल्या औषधोपचारानंतर त्यांची भूक मंदावली होती. प्रवासाचे शास्त्र पूर्णत्वास गेले होते. वास्तव्याचे शास्त्र मात्र अपुरे होते.

हाच मासा आपल्या शेजारी, गुजरातच्या किनाऱ्यावर येतो. तेथे त्याची शिकार होत असे. पिंपे बांधून त्याला थकवीत, म्हणून कोळी त्याला ‘बॅरल’ म्हणत. २००१ मध्ये त्याला कायद्याचे संरक्षण मिळाले. २००४ च्या जनजागृती मोहिमेत मोरारीबापूंनी त्याला बाळंतपणासाठी माहेरी आलेल्या लेकीची उपमा दिली, आणि ‘बॅरल’ची ‘व्हाली’, म्हणजे लाडकी, झाली. चुकून जाळ्यात सापडलेला मासा कोळी आता पाण्याबाहेर काढीत नाहीत. पाण्यातच जाळे कापून त्याला मोकळा करतात. कापलेल्या जाळ्याच्या भरपाईची तरतूदही झाली. अशा रीतीने शेकडो व्हेल शार्क समुद्रात परतले आहेत.

ज्यांचे पूर्वज शतकांपूर्वी देश सोडून दूरच्या मुलखात स्थिरावले, त्या आपणा वाचकांना या इतिहासातील एक गोष्ट विशेष जाणवेल, असे आम्हांस वाटते. मुक्कामास पोहोचणे आणि तेथे रुजणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. आपले पाणी सोबत घेऊन यावे लागते आणि नवे पाणी थोडे थोडे मिसळावे लागते. यांपैकी एकही गोष्ट टाळून चालत नाही. आणि ज्या जिवाला हलवण्याचे कारणच नाही, त्याच्यासाठी वेरावळच्या कोळ्यांनी पत्करलेली वाट अधिक श्रेयस्कर आहे.