टाइपरायटरची टेप

मीटिंगमध्ये कुकरची शिट्टी झाली की माझं बोट आपोआप म्यूटवर जातं. पलीकडे घर ऐकू जाता कामा नये, एवढंच डोक्यात असतं. म्हणूनच स्टेफनी शर्लींच्या टेपबद्दल वाचलं तेव्हा हसू आलं, आणि लगेच थोडं ओशाळल्यासारखंही झालं. १९६०च्या दशकात इंग्लंडमध्ये घरून सॉफ्टवेअर कंपनी चालवताना त्या फोनवर बोलायच्या तेव्हा मागे टायपिंगच्या खडखडाटाची टेप लावत. साहेबाला वाटावं, ऑफिस आहे.

शर्लीबाई १९३९ साली, पाच वर्षांच्या असताना, नाझींपासून वाचवलेल्या ज्यू मुलांसोबत इंग्लंडला आल्या. अठराव्या वर्षी लंडनमधल्या पोस्ट खात्याच्या संशोधन केंद्रात लागल्या. दिवसा नोकरी, संध्याकाळच्या वर्गांतून गणिताची पदवी. पुढे खासगी कंपनीत गेल्या. तिथे वर जायची वाट बंद दिसल्यावर १९६२मध्ये सहा पौंडांच्या भांडवलावर त्यांनी ‘फ्रीलान्स प्रोग्रॅमर्स’ काढली. तेव्हा सॉफ्टवेअर यंत्रासोबत फुकट मिळायचं. ते वेगळं विकायचं, तेही बाईनं, याचं लोकांना हसू यायचं. काम मागणाऱ्या पत्रांना उत्तरंच येईनात. नवरा म्हणाला, सगळे तुला ‘स्टीव्ह’ म्हणतात, तीच सही कर. उत्तरं यायला लागली.

मला मात्र या सहीपेक्षा त्यांच्या एका जुन्या जाहिरातीतला शब्द जास्त लागला. त्यांनी ‘निवृत्त’ प्रोग्रॅमर बायका मागवल्या होत्या. निवृत्त म्हणजे साठीच्या नव्हेत. लग्न झालं, मूल झालं म्हणून नोकरी सुटलेल्या तरुण बायका. काम त्यांना येतच होतं. प्रोग्रॅम तेव्हा कागदावर पेन्सिलीनं लिहायचा, मग कार्डांना भोकं पाडून यंत्राला द्यायचा. लिहायला घरात यंत्र लागत नव्हतं, टेलिफोन पुरे होता. काँकॉर्ड विमानाच्या ब्लॅक बॉक्सचं प्रोग्रॅमिंग अशा घरी बसून काम करणाऱ्या बायकांनी केलंय! पहिल्या ३०० जणांत पुरुष फक्त ३. १९७५ला लिंगभेदाविरुद्ध कायदा आला आणि, गंमत बघा, फक्त बायकांना घेणं बेकायदा ठरलं.

मुलगा गाइल्स १९६३चा. त्याला तीव्र स्वमग्नता होती. त्याला आणि कंपनीला सांभाळताना बाई एकदा पार कोलमडल्या. यशोगाथांमध्ये हे दोन ओळींत उरकतात. मी तिथेच थांबते. पुढे त्यांनी कंपनीतला हिस्सा कर्मचाऱ्यांना दिला आणि त्यातले ७० जण दशलक्षाधीश झाले, हे मग मोठ्या अक्षरांत येतं.

टेपला मी आधी खोटेपणा म्हणत होते. आता नाही म्हणत. काम मिळवायला त्यांनी घर लपवलं, पण कामावर घेताना कुणाला घर लपवायला लावलं नाही. मी बाळंतपणानंतर काही महिने घरून काम मागितलं, तेव्हा मॅनेजर म्हणाले, ‘प्रोग्रॅमिंग असं घरून होत नसतं.’ मी राजीनामा दिला, दोन वर्षांनी दुसरीकडे कमी पगारावर लागले. मार्च २०२०मध्ये आमचं सगळं ऑफिस चार दिवसांत घरी गेलं. कुणी काही विचारलं नाही. लेक तेव्हा सहा वर्षांची झाली होती.