रक्तातील शिसे: तपासणी कोणी करावी आणि अहवाल कसा वाचावा?

घरातील कोणी बॅटरी दुरुस्तीचे, जुना रंग खरवडण्याचे किंवा भंगार वितळवण्याचे काम करत असेल आणि घरात लहान मूल असेल, तर मुलाची 'ब्लड लेड' तपासणी करून घ्या. मूल खेळते आहे, नीट जेवते आहे म्हणून थांबू नका. शिसे थोडे असताना बहुधा कोणतेच लक्षण दिसत नाही, पण मेंदूच्या वाढीवर परिणाम होत असतो. कामाच्या कपड्यांवरची धूळ घरात येते आणि रांगणाऱ्या मुलाच्या हातांवाटे तोंडात जाते. सुरमा, काही भस्मयुक्त औषधे आणि भेसळीची हळद यांतूनही शिसे पोटात जाऊ शकते.

तपासणीसाठी उपाशी राहावे लागत नाही. रक्त शिरेतून दिलेले बरे. बोट टोचून घेतलेल्या थेंबात त्वचेवरची धूळ मिसळली तर आकडा उगाच वाढतो. असा अहवाल जास्त आल्यास शिरेतील रक्त पुन्हा तपासतात.

अहवालातील आकडा मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये असतो. तो ५ किंवा अधिक असेल तर शिसे कुठून येते ते शोधून थांबवावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. अमेरिकेत मुलांसाठी २०२१ पासून ३.५ हा आकडा धरतात. त्याखाली सगळे ठीक, असे मात्र नाही. शिशाची सुरक्षित पातळी अशी कोणतीच माहीत नाही. म्हणून 'नॉर्मल' या छापील शब्दावर विसंबू नका, आकडा पाहा.

मुलांमध्ये ४५ किंवा त्याहून जास्त आकड्याला शिसे बाहेर काढणारी औषधे लागतात, तीही तज्ज्ञांच्या देखरेखीखाली. त्याखाली मुख्य उपचार एकच: शिसे येण्याची वाट बंद करणे. कामावरचे कपडे घरात आणू नका, निदान वेगळे धुवा. लोह कमी असेल तर शिसे जास्त शोषले जाते, त्यामुळे मुलाचे हिमोग्लोबिनही तपासतो. फेरतपासणीत आकडा हळूहळू उतरतो, कारण हाडांत साठलेले शिसे वर्षानुवर्षे थोडे थोडे रक्तात येत राहते. घाबरू नका, पण तपासणी चुकवू नका.

केसांवरून 'हेवी मेटल' सांगणाऱ्या पॅकेजवर पैसे घालवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. केसांना बाहेरून चिकटलेले आणि शरीरातले शिसे त्यात नीट वेगळे करता येत नाही.

डॉक्टरांकडे येताना घरातील सुरमा, चूर्णे आणि भस्माच्या पुड्या सोबत आणा.