दत्तक आलेला एक्का

बागबाजारात मराठा डिच लेन नावाची गल्ली आहे. १७४२ साली भास्करपंत कोल्हटकरांच्या फौजेच्या धास्तीनं कलकत्त्यानं खंदक खणायला घेतला, त्याची ही खूण. बर्गी, म्हणजे ते मराठा स्वार, शहरात आलेच नाहीत, खंदकही अर्धवट राहिला. पुढे तो बुजवून सर्क्युलर रोड काढला. विट्याकडचे गलाईवाले मात्र आले. त्यांतलेच आमचे मामा. दिवसभर मुशीत सोनं आटवायचं आणि संध्याकाळी येझदी पुसायची, हा त्यांचा नेम.

येझदीची किक आणि गियर एकाच दांड्यावर. मामा तो आत दाबतात, वर फिरवतात, टाच हाणतात. गाडी बोलू लागली की तोच दांडा गियरला हजर. येझदी मूळची जावाच, म्हणून दोन सायलेन्सरांचा आवाज घुमला, की मामा म्हणणार, "जावानं जग मारलंय!"

मारलंय खरं, स्पीडवेच्या ट्रॅकवर. पण ती जावा दत्तक होती.

मातीच्या अंडाकृती ट्रॅकवरची शर्यत, म्हणजे स्पीडवे, १९२० च्या दशकात ऑस्ट्रेलियात रुजली आणि १९२८ साली लंडनजवळच्या हाय बीचला पोचली. चार स्वार, चार फेऱ्या, सगळी वळणं डावीकडं. गाडीला ५०० सीसीचं एकच सिलिंडर, पोटात मिथेनॉल, आणि ब्रेक नाहीच. डाव्या बुटाला पोलादी तळ ठोकलेला. तो पाय मातीत घासत ठेवायचा, मागचं चाक बाहेर घसरू द्यायचं. वळायचं डावीकडं, पण पुढचं चाक उजवीकडं तोंड करून! इंजिनात एरंडेल घालत, त्यामुळं ट्रॅकभर त्याचा जळका वास. लहानपणी नाक दाबून पाजलेल्या त्याच एरंडेलाचा.

१९३० पासून या ट्रॅकवर राज्य लंडनच्या जॅप इंजिनाचं. युद्धानंतर चेकोस्लोव्हाकियात त्याचे सुटे भाग मिळेनात. तेव्हा यारोस्लाव सिमांद्ल या स्वारानं आधी भाग आणि मग अख्खं इंजिनच घडवलं. गाडीला नाव दिलं एसो, चेक भाषेत पत्त्यातला एक्का. जावा त्याआधीची, १९२९ ची. संस्थापक यानेचेकच्या Janeček या स्पेलिंगमधला 'जा' आणि वांडरर कंपनीचा 'वा'. रस्त्यावर तिचं नाव मोठं होतं, स्पीडवेच्या मातीत एक्क्याचं. १९६४ साली सरकारी चौकटीत एसो जावात विलीन झाली, आणि टाकीवरचं नाव बदललं. न्यूझीलंडच्या इव्हान मॉगरनं १९६८, ६९ आणि ७० अशी सलग तीन जगज्जेतेपदं मिळवली, १९७९ पर्यंत एकूण सहा. जावाचा डंका वाजला तो त्या काळात. कर्तृत्व एक्क्याचं, आडनाव जावाचं.

आपल्याकडची गोष्ट नेमकी उलटी. १९६० च्या सुमारास रुस्तम आणि फारुख इराणींनी म्हैसूरला आयडियल जावा काढली. तिथं जावा परवान्यावर बनू लागली आणि १९७३ च्या सुमारास तिला येझदी हे नाव मिळालं, इराणमधल्या यज्द शहरावरून. घरी आल्यावर आडनाव बदललं, पण चेक अंगलट काही गेली नाही. माझ्या मते दत्तकविधान म्हैसूरला जास्त रीतसर झालं. हा कारखाना १९९६ साली बंद पडला.

मामांनी हे सगळं ऐकून घेतलं. मग फडकं खांद्यावर टाकून एकच विचारलं, "ब्रेक नाय म्हणतोस, मग थांबत्यात कसं?"

"गॅस सोडायचा. माती अडवते."

त्यांनी गल्लीतल्या गर्दीकडं एकवार पाहिलं, दांडा आत दाबला, वर फिरवला आणि किक मारली.