चुलीपाशी शिकलेलं शौर्य : फादर एमिल कपॉन यांची गोष्ट

कामं आटोपून रेडिओजवळ बसलात ना? निवडायची भाजी असेल तर घ्या पुढ्यात. हात चालू राहू द्या, कान आमच्याकडे असू द्या.

आज आम्ही एका पाद्रीबाबांची गोष्ट आणली आहे. ते आपल्या गावचे नाहीत, आपल्या देशाचेही नाहीत. अमेरिकेतल्या एका शेतकऱ्याचा हा मुलगा युद्धात गेला, पण त्याने हातात बंदूक धरली नाही. तरीही त्याच्या देशाने त्याला आपल्या परमवीरचक्रासारखा सर्वांत मोठा सन्मान दिला. त्यांनी केलेली कामं ऐकाल तेव्हा तुम्ही म्हणाल, अगं, हे तर आपण रोजच करतो!

आधी एक शब्द समजून घेऊ. सैन्यात जवानांसोबत धर्मगुरूही असतात. आपल्या सैन्यात पंडित आहेत, ग्रंथी आहेत, मौलवी आहेत, पाद्री आहेत. अमेरिकेत अशा धर्मगुरूला चॅप्लेन म्हणतात. तो लढत नाही. प्रार्थना घ्यायची, जखमीजवळ बसायचं, मरणाऱ्याचा हात धरायचा, घरच्यांना पत्र लिहायचं, हे त्याचं काम. फादर एमिल कपॉन हे असे चॅप्लेन होते.

त्यांचा जन्म 20 एप्रिल 1916 चा. अमेरिकेच्या मध्यावर कॅन्सस नावाचं राज्य आहे, तिथलं पिल्सन हे लहानसं गाव. युरोपातल्या बोहेमिया प्रांतातून आलेल्या शेतकऱ्यांनी ते वसवलेलं. वडिलांचं नाव एनोस, आईचं नाव एलिझाबेथ, पण सगळे तिला बेसी म्हणत. घरात पैसा बेताचा. मुलांना लहानपणापासून शेतात आणि गोठ्यात राबावं लागे. मोडलेलं अवजार नवं आणायची ऐपत नसल्यामुळे घरीच ठोकून-ठाकून नीट करायची सवय लागली. ही सवय लक्षात ठेवा बरं का, पुढे ती उपयोगी पडणार आहे.

एमिलच्या लहानपणची एक गंमत सांगतात. गाईला आईच्या हाताची सवय. एकदा धार काढायला एमिल बसला, तर गाय काही जवळ येऊ देईना. मग त्याने आईचे कपडे घातले आणि बसला धारेला. गाय शांत उभी राहिली! आपल्यापैकी ज्यांच्या दावणीला अशी मानी गाय आहे, त्यांना ही गोष्ट पटकन पटेल.

पोरगा अभ्यासात हुशार, मनाने देवाकडे ओढलेला. शिक्षण पुरं करून 1940 साली तो धर्मगुरू झाला आणि आपल्याच गावच्या चर्चमध्ये काम करू लागला. दुसरं महायुद्ध सुरू असताना, 1944 मध्ये, फादर कपॉन सैन्यात चॅप्लेन झाले. तेव्हा त्यांची नेमणूक झाली ती आपल्याच बाजूला, भारत आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीवर. जंगलातल्या वाटांनी जीपमधून एका तळावरून दुसऱ्या तळावर जायचं, जवानांना भेटायचं, हा त्यांचा क्रम होता. युद्ध संपल्यावर ते घरी परतले, आणखी शिकले, आणि 1948 मध्ये पुन्हा सैन्यात गेले.

25 जून 1950 ला कोरियात युद्ध पेटलं. उत्तर कोरियाच्या फौजा दक्षिणेत घुसल्या. दक्षिणेच्या मदतीला संयुक्त राष्ट्रांच्या नावाखाली अमेरिका आणि इतर देश उतरले. आपल्या भारताने लढाऊ फौज पाठवली नाही. जखमींसाठी डॉक्टरांचं पथक पाठवलं, 60 पॅराशूट फील्ड अँब्युलन्स. फादर कपॉन त्याच वर्षी जुलैत कोरियात पोचले. जीपच्या बॉनेटवर कापड अंथरून ते प्रार्थना घेत. जीप हातची गेली तर सायकलवरून फिरत. गोळीबार चालू असताना पुढे जाऊन जखमींना ओढून मागे आणत.

त्या वर्षीच्या हिवाळ्याच्या तोंडाला चीनची फौज उत्तर कोरियाच्या बाजूने युद्धात उतरली. 1 आणि 2 नोव्हेंबरला उन्सान या ठिकाणी फादर कपॉन यांच्या पलटणीला चिनी फौजेने वेढलं. जे धडधाकट आहेत त्यांनी निसटून जावं, असा हुकूम आला. फादर धडधाकट होते. मागे राहिलो तर कैद ठरलेली, हे त्यांना दिसत होतं. ते जखमींजवळ थांबले. तिथे जखमी पडलेला एक चिनी अधिकारी त्यांना दिसला. शत्रूचा माणूस म्हणून त्यांनी त्याच्याकडे पाठ फिरवली नाही. त्याच्याशी बोलून, त्याच्याकरवी गोळीबार थांबवायला लावला, म्हणजे जखमींना जिवंतपणी शरण जाता यावं.

कैद करून नेत असताना रस्त्याच्या कडेला हर्बर्ट मिलर नावाचे सार्जंट पडलेले होते. पाय जायबंदी, उठता येत नाही. एक चिनी शिपाई त्यांच्यावर बंदूक रोखून उभा. फादर सरळ चालत गेले, बंदूक हाताने बाजूला सारली आणि मिलरना उचललं. तो शिपाई बघतच राहिला. मिलरना आधार देत, कधी पाठीवर घेत, फादर चालत राहिले. मिलर पुढे म्हातारे होईपर्यंत जगले.

आता खरी गोष्ट सुरू होते, मैत्रिणींनो. यालू नदीच्या काठी प्योक्तोंग इथे कैद्यांची छावणी होती. थंडी शून्याच्या खाली वीस अंशांहून जास्त. अंगावर उन्हाळी कपडे. खायला मूठभर मका आणि भरड धान्य. पोटात आव, अंगावर उवा. शेकडो तरुण त्या एका हिवाळ्यात गेले. भुकेने माणसं एकमेकांच्या वाट्यावर डोळा ठेवू लागली.

अशा जागी फादर कपॉन यांनी काय केलं? पडक्या छपरांचे पत्रे आणले, दगडाने ठोकून त्यांची भांडी केली. लहानपणीची ती ठोकाठोकीची सवय इथे कामाला आली. पहाटे सगळ्यांच्या आधी उठून काटक्या गोळा करायचे, चूल पेटवायचे, त्या भांड्यात पाणी उकळायचे आणि गरम पाणी घेऊन झोपडीत जायचे. पाणी उकळून प्यायलं की आव आटोक्यात येते, हे आज आपल्याला आशाताई सांगतात. तिथे त्या उकळलेल्या पाण्याने माणसं वाचली.

ज्यांचे कपडे आजाराने घाण झाले होते, ते कपडे फादर स्वतः धूत. ज्यांच्यात हात उचलायची ताकद नव्हती, त्यांच्या अंगावरच्या उवा काढत. आपल्या वाट्याचं अन्न दुसऱ्याला देत. ते पाहून इतरांनाही लाज वाटली आणि वाटून खाणं सुरू झालं.

आणि ते चोरीही करत! हो, पाद्रीबाबा पहारेकऱ्यांच्या कोठारातून धान्य चोरून आणत. येशूच्या शेजारच्या क्रूसावर एक चोर होता आणि शेवटच्या घडीला त्याला पश्चात्ताप झाला, असं बायबल सांगतं. त्या चोराला परंपरेने दिस्मास म्हणतात. चोरीला निघण्याआधी फादर त्या दिस्मासची प्रार्थना करत. हे पाप की पुण्य? तुमच्या गटाच्या बैठकीत जरूर बोला. एकमत होईल असं आम्हाला वाटत नाही.

अधिकारी आणि साधे जवान वेगवेगळे ठेवले होते. फादर लपूनछपून जवानांच्या झोपड्यांत जात. समोरचा कॅथलिक आहे, प्रॉटेस्टंट आहे की ज्यू, हे न पाहता त्याच्याजवळ बसत. मार्च 1951 मध्ये ईस्टरच्या दिवशी पहारेकऱ्यांची नाराजी पत्करून त्यांनी सर्वांसोबत प्रार्थना केली.

पण शरीराला मर्यादा असते. पायात रक्ताची गाठ झाली, आव झाली, न्यूमोनिया झाला. पहारेकऱ्यांनी त्यांना छावणीच्या दवाखान्यात हलवलं. नाव दवाखाना, पण तिथे गेलेला माणूस सहसा परत येत नसे. सोबत्यांनी विरोध केला, रडले. फादरच त्यांची समजूत घालत होते. 23 मे 1951 ला ते गेले. वय होतं अवघं 35.

तिकडे पिल्सनमध्ये आई-बाप वाट बघत होते. मुलगा बेपत्ता आहे, एवढंच त्यांना ठाऊक. 1953 मध्ये युद्ध थांबलं. घरी परतायला तयार नसलेल्या कैद्यांना सांभाळायची नाजूक जबाबदारी भारतीय फौजेने घेतली आणि त्या फौजेचे प्रमुख होते आपल्या कोल्हापूरकडचे मेजर जनरल एस. पी. पी. थोरात. बाकीचे कैदी आपापल्या घरी निघाले. फादर कपॉन यांचे सोबती छावणीतून बाहेर पडले, तेव्हा त्यांच्याजवळ एक मोठा लाकडी क्रूस होता. फादरच्या आठवणीसाठी तो कोरला होता जेराल्ड फिंक या कैद्याने. फिंक स्वतः ज्यू होते आणि फादरना त्यांनी कधी पाहिलंही नव्हतं. नुसतं सोबत्यांच्या तोंडून ऐकून त्यांनी सरपणाच्या लाकडातून तो घडवला.

सोबत्यांनी ही गोष्ट साठ वर्षं लावून धरली. 11 एप्रिल 2013 ला राष्ट्राध्यक्ष ओबामांनी फादर कपॉन यांचा मेडल ऑफ ऑनर त्यांच्या पुतण्याच्या हाती दिला. म्हातारे मिलर समोर बसले होते. फादरचे अवशेष हवाईमधल्या सैनिकी दफनभूमीत अनोळखी सैनिकांमध्ये होते. 2021 मध्ये त्यांची ओळख पटली आणि कॅन्ससमधल्या विचिटा शहरात त्यांना पुन्हा दफन केलं. 2025 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्यांना 'वंदनीय' ठरवलं. संतपदाच्या वाटेवरची ही एक पायरी.

मैत्रिणींनो, चूल पेटवणं, पाणी उकळणं, आजाऱ्याचे कपडे धुणं, उवा काढणं, आपल्या ताटातलं दुसऱ्याला वाढणं. एका पुरुषाने ही कामं मरणाच्या छावणीत केली आणि जगाने त्याला शूर म्हटलं. योग्यच म्हटलं. पण हीच कामं आपली आजी करत होती, आई करत होती, आपणही करतो. घरात कुणी विचारलं, "तू दिवसभर करतेस काय?" तर गप्प बसू नका. फादर कपॉन यांची गोष्ट सांगा.

आणि आज रात्री घरातल्या मुलग्यालाही पाणी उकळायला सांगा. बेसीबाईंच्या मुलाला धार काढायची लाज वाटली नाही. आपल्या मुलाला पातेलं उचलायची का वाटावी?

पुढच्या भेटीपर्यंत नमस्कार.